चलनी नोटेचा धडा

सामान्य माणूस डिजिटल व्यवहार केव्हा स्वीकारतो, या प्रश्नाला प्रशासकीय बैठकांत बहुधा दोन उत्तरे मिळतात : साक्षरता आणि प्रचार. मला ती अपुरी वाटतात. आपल्याच चलनाचा इतिहास याहून अधिक काही सांगतो.

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. परंतु त्यासाठी देशाची चलन-मंडळांत विभागणी केली गेली. मुंबई मंडळाची नोट त्या मंडळाबाहेर कायदेशीर चलन नव्हती. परमुलखात जी मोडेल याची शाश्वती नाही, अशी नोट शेतकऱ्याने का बाळगावी? त्याने चांदीचा रुपयाच जवळ केला. १९०३ मध्ये पाच रुपयांच्या नोटेला ब्रह्मदेश वगळता सर्वत्र मान्यता मिळाली, १९१० मध्ये दहा व पन्नासच्या आणि १९११ मध्ये शंभराच्या नोटेवरील बंधन गेले. त्यानंतर नोटांचा प्रसार वाढला.

हा विश्वास किती नाजूक होता, हे १९१८ मध्ये दिसले. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि नोटा मोडून घेण्यासाठी लोकांची रीघ लागली. अमेरिकेकडून चांदी विकत घेऊन सरकारला आपला शब्द राखावा लागला.

शतकानंतर हीच कथा नव्या रूपात घडली. आरंभीच्या मोबाइल वॉलेटांची अवस्था त्या चलन-मंडळांसारखीच होती. एका कंपनीच्या वॉलेटमधील पैसा दुसरीच्या वॉलेटमध्ये जात नसे. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने बँकाबँकांमधील हे कुंपण काढले. जानेवारी २०२० पासून त्यावरील व्यापारी शुल्कही रद्द झाले आणि भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लागला. नोटाबंदीच्या सक्तीने लोकांना या मार्गाकडे ढकलले हे खरे, पण २०१८ मध्ये चलनातील रोकड नोटाबंदीपूर्वीच्या पातळीच्याही वर गेली होती. सक्तीने ओळख होते. सवय मात्र सोयीने आणि विश्वासाने जडते.

आता प्रश्न उरतो तो १९१८ चा. खात्यातून फसवणुकीने रक्कम गेली, तर ती परत कोण देणार? दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये केला. परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला तो ठाऊक नसतो आणि तक्रार कोठे करावी हेही उमगत नाही. स्वतःच ओटीपी सांगून बसलेल्याची स्थिती तर अधिकच बिकट होते.

माझ्या मते, जिल्हा प्रशासनाने वाढत्या व्यवहारांच्या आकड्यांवर समाधान मानू नये. तक्रार आल्यापासून पैसे परत मिळेपर्यंत किती दिवस गेले, हेही दरमहा तपासावे. नोट मोडून मिळते ही खात्री पटली, तेव्हाच लोकांनी कागदाला पैसा मानले. मोबाइलमधील पैशालाही तीच कसोटी लागू आहे.