पाण्याला वाट देणारा पूल

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत गोव्यातल्या एका पुलाची हकिगत कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु त्या पुलाचा काळ आणि आपल्या वसईचा काळ एकाच धाग्यात ओवलेला आहे. शिवाय खाजणाच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना त्यातून घेण्यासारखा एक धडाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकून घेईपर्यंत येथील कारभार गोव्याच्या हुकमाने चालला. त्या काळी वसईकडचा काळा पाषाण समुद्रमार्गे गोव्यास जात असे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे प्रसिद्ध चर्च १५९४ ते १६०५ या काळात उभे राहिले. त्याच्या भिंती तिकडच्या जांभ्याच्या आहेत, पण दर्शनी भागातील कोरीव कामास आपल्याकडचा पाषाण वापरलेला आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. कोणता दगड कोठे लावावा, याची जाण त्या गवंड्यांना होती.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६३३-३४ मध्ये, पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा पूल बांधला गेला. त्या वेळी राजधानी जुन्या गोव्यात होती. पणजीला राजधानीचा मान १८४३ मध्ये मिळाला. लिन्यारिशचा काउंट दों मिगेल द नोरोन्या हा तेव्हा व्हाइसरॉय होता. त्याच्याच नावाने हा पूल ओळखला जातो. मांडवी नदीच्या काठाने, खाजण, मिठागरे आणि खाडीचे पाणी ओलांडीत तो सुमारे ३ किलोमीटर जातो. त्याचे बांधकाम जांभ्याचे आहे.

आता या पुलाचे मर्म पाहू. खाजणात रस्ता न्यावयाचा तर सरळ भराव घालून बांध उभारणे सोपे असते. पण असा सलग बांध भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याला अडवतो. मग पाणी एकीकडे तुंबते आणि अखेर बांधालाच खिंडार पाडते. म्हणून या पुलाला ठिकठिकाणी कमानी ठेवल्या आहेत. भरतीचे पाणी त्यांतून आत जाते आणि ओहोटीला त्याच वाटेने परत फिरते. कमानीचे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि वरचा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरवतात. त्यामुळे तिच्यात लोखंड घालावे लागत नाही आणि खाऱ्या हवेत गंजण्यासारखे काही राहत नाही.

याची प्रचीती ५ जुलै १९८६ रोजी आली. मांडवीवर १९७० च्या सुमारास बांधलेला काँक्रीटचा नवा पूल त्या दिवशी कोसळला. साडेतीनशे वर्षांचा जुना पूल मात्र जागचा हलला नाही. आजही त्यावरून वाहने जातात. नवे ते सारे कच्चे आणि जुने ते सारे पक्के, असे म्हणण्याचा हेतू नाही. त्याच मांडवीवर पुढे नवे पूल झाले आणि ते गोमंतकीयांच्या उपयोगी पडत आहेत. सांगावयाचे ते इतकेच की, जो पाण्याचा स्वभाव ओळखून बांधतो त्याचे काम टिकते.

आपल्याकडे काय घडले? २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांत माणसे अडकली. पाऊस मोठा होता हे खरे. पण ज्या खाजणांत आणि नाल्यांत ते पाणी पूर्वी मावत असे, तेथे आपण भराव घातले, हेही तितकेच खरे. आपल्या वाडवडिलांनी शेताचे बांध घालताना पाण्याला मोऱ्या ठेवल्या होत्या. आपण रस्ते उंच केले आणि मोऱ्या बुजवल्या. मग घरात शिरलेल्या पाण्याला दोष कसा द्यावा?

जीर्णोद्धाराच्या कामातही हेच लक्षात ठेवले पाहिजे. बॉम जेझूच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. तेव्हापासून उघडा पडलेला तो जांभा पावसाने झिजत आहे. जुन्या वास्तूत जे आहे ते कशासाठी आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्यास हात लावू नये. देवळाभोवती फरशी घालताना पावसाच्या पाण्याची जुनी वाट मोकळी राहील, एवढे आपण सर्व ग्रामस्थांनी पाहावे. चौथरा कितीही भक्कम बांधला, तरी त्याच्या पायाशी पाणी मुरत राहिले तर त्याचा उपयोग काय?

पूल माणसांना पलीकडे नेतो, हे सर्वांना दिसते. तो पाण्यालाही पलीकडे जाऊ देतो, म्हणूनच तो उभा राहतो. पुढच्या पिढीसाठी बांधताना आपणही हे विसरू नये, एवढीच विनंती.