तिसऱ्या अंकाची तक्रार

गावच्या जत्रेत नाटक झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जे बोलणे चालते, ते तुम्हांआम्हांला नवे नाही. "पहिला अंक काय रंगला! दुसऱ्याने तर डोळ्यांतून पाणी काढले. पण तिसऱ्यात काही राम नव्हता बुवा." लगेच दुसरा कोणी उसळून म्हणतो, "छे, छे! तिसराच तर खरा अंक. तुम्हांला टाळ्यांची वाक्ये हवी होती. ती मिळाली नाहीत म्हणून रुसलात झाले!" मग चहा निवून जातो, पण वाद काही मिटत नाही.

हा वाद केवळ आपल्या पारावरचा आहे असे मात्र समजू नका. वटवाघळाचा वेष करून दुष्टांशी लढणारा बॅटमॅन हा अमेरिकेतला एक कल्पित वीर. ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाने त्याच्यावर 2005, 2008 आणि 2012 साली असे तीन चित्रपट काढले. दुसऱ्यात हीथ लेजर या नटाने खलपुरुषाचे काम असे केले, की त्याला मरणोत्तर ऑस्कर पारितोषिक मिळाले. चित्रपट लागण्यापूर्वीच, जानेवारी 2008 मध्ये तो वारला होता. तिसऱ्या भागात तो नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. तरी प्रेक्षकांनी तिसरा भाग मोजला तो दुसऱ्याच्याच मापाने. कोणी म्हणाले, अपेक्षा पुरी झाली. कोणी म्हणाले, फसवणूक झाली. शहरांत शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही हा वाद हिरिरीने घातला.

कल्पित वीराच्या बाबतीत असा वाद म्हणजे निव्वळ करमणूक. लेखकाला वाटले तर तो शेवट गोड करील, वाटले तर कडू. पण हीच तक्रार आपण खऱ्या माणसाविषयी, खऱ्या इतिहासाविषयी करू लागलो म्हणजे काय होते? आज मला बोलावयाचे आहे ते याविषयी. आणि त्यासाठी रायगडच्या किनाऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आपल्या मनात शिवकथेचे तीन अंक पक्के बसलेले आहेत. पहिला अंक शिवनेरीपासून प्रतापगडापर्यंत. दुसरा अंक आग्र्याहून सुटका आणि मग 6 जून 1674 रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक. येथवर कथा कशी चढत जाते! आणि 3 एप्रिल 1680 रोजी त्याच रायगडावर महाराज निवर्तले, की तिसरा अंक सुरू होतो. हा अंक संभाजीराजांचा. प्रेक्षक म्हणून आपण टाळ्या वाजवायला हात उचललेले असतात, आणि समोर काय दिसते? गडावर फाटाफूट. राणी सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्यासारखे मुत्सद्दी धाकट्या राजारामांना गादीवर बसवतात. थोरले युवराज तेव्हा पन्हाळ्यावर. सेनापती हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे सख्खे भाऊ, पण ते बहिणीच्या बाजूला न जाता संभाजीराजांच्या पाठीशी उभे राहतात. 16 जानेवारी 1681 ला संभाजीराजांचा राज्याभिषेक होतो. त्याच वर्षी कट उघडकीस येतो, अण्णाजी दत्तो आणि बाळाजी आवजी चिटणीस यांना देहान्त शिक्षा होते. वर्ष सरता सरता औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन ठेपतो. पुढे आठ वर्षे अखंड झुंज, 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरी कैद, 11 मार्चला तुळापूर येथे क्रूर मृत्यू, आणि नोव्हेंबरात खुद्द रायगड मोगलांच्या हाती.

आता सांगा, पारावरचा रसिक या अंकाला काय म्हणेल? "रंगला नाही," असेच म्हणेल ना? आणि अंक रंगला नाही म्हटल्यावर दोष कोणाला द्यायचा? नायकाला! आपल्या वाङ्मयात दीर्घकाळ नेमके हेच झाले.

मल्हार रामराव चिटणीस यांची बखर पाहा. ती लिहिली गेली सुमारे 1810 साली, म्हणजे संभाजीराजांच्या पश्चात सव्वाशे वर्षांनी. तिच्यातले संभाजीराजे तापट, व्यसनी, बापाचे राज्य बुडवणारे असे आहेत. हा बखरकार कोणाच्या वंशातला? ज्यांना 1681 साली मृत्युदंड झाला, त्या बाळाजी आवजींच्या. घरातली जखम लेखणीत उतरली असेल, तर ते माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. मात्र याच घरातली दुसरी गोष्टही विसरू नये. बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ यांनी वडिलांना शिक्षा देणाऱ्या राजाची आणि त्याच्यामागून राजारामांची सेवा निष्ठेने केली. बखरीपेक्षा हा माणूस मला अधिक बोलका वाटतो.

रंगभूमीने बखरीचीच री ओढली. राम गणेश गडकऱ्यांनी 'राजसंन्यास' लिहावयास घेतले. 23 जानेवारी 1919 रोजी ते वारले आणि नाटक अपुरेच राहिले. त्यातला राजा विलासात गुंतलेला आणि अखेरीस पश्चात्तापाने पोळलेला आहे. भाषा अशी झळाळती, की अपुरे नाटकही रसिकांनी डोक्यावर घेतले. नाटककाराचा दोष काय? त्याच्या हाती जो इतिहास होता, त्यातून त्याने शोकान्त नायक घडवला. पण प्रेक्षक घरी गेला तो नाटक विसरून आणि इतिहास म्हणून ते चित्र मनात घेऊन.

मग संशोधकांनी कागद हलवले. वा. सी. बेंद्रे यांनी मूळ साधने धुंडाळण्यात आयुष्याची कितीएक वर्षे घालवली आणि 1960 साली संभाजीराजांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' 1971 साली आले. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तिघांशी एकाच वेळी झुंजणारा राजा वाचकांना दिसू लागला. 1678 च्या अखेरीस ते वडिलांचा पक्ष सोडून दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परत आले, ही गोष्ट संशोधकांनी लपवली नाही. लपवण्याचे कारणही नव्हते.

रंगभूमीही बदलली. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' 1962 साली आले, 'इथे ओशाळला मृत्यू' 1968 साली. दोन्ही नाटकांत संभाजी उभा केला तो डॉ. काशिनाथ घाणेकरांनी. पेशाने दंतवैद्य असलेल्या या नटाचे चाहते मराठी मुलखात गावोगाव होते. पहिल्या नाटकात बापलेकांतला ताण, दुसऱ्यात औरंगजेबापुढे न वाकणारी मान. एकाच नटाच्या मुखातून प्रेक्षकांनी दोन संभाजी ऐकले. पुढे 1979 साली शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी आली, आणि तिच्यावरून काढलेला हिंदी चित्रपट 14 फेब्रुवारी 2025 ला झळकला. तो लागण्यापूर्वीच वाद पेटला. राजे लेझीम खेळतात असे एक दृश्य जाहिरातीच्या तुकड्यात दिसले, लोकांना ते रुचले नाही, आणि दृश्य गाळण्यात आले.

येथे क्षणभर थांबून विचार करू. 'राजसंन्यासा'तला राजा विलासी. शंभर वर्षांनंतरच्या राजाने पडद्यावर लेझीमही खेळू नये! जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून टाकला गेला, तोही याच नाटकाच्या रागापायी. माझे म्हणणे असे, की ही दोन्ही टोके एकाच मुळातून फुटलेली आहेत. ते मूळ म्हणजे प्रेक्षकाची अपेक्षा. एका पिढीला पडता नायक हवा होता, दुसरीला निष्कलंक हवा आहे. प्रत्यक्षात जो माणूस होता, त्याला मात्र दोन्ही वेळा रंगमंचाच्या मागच्या दाराने बाहेर काढले जाते.

मग खरा माणूस शोधायचा कोठे? कागदांत तर खरेच, पण आपल्या किनाऱ्यावरही. मुरूडजवळच्या राजपुरीच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोर पाण्यात जंजिरा आहे, आणि त्याच समुद्रात शिवाजीमहाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. थोरल्या महाराजांनी जंजिऱ्यासाठी पुनःपुन्हा प्रयत्न केले, किल्ला हाती आला नाही. ते काम मुलाकडे वारशाने आले. 1682 च्या आरंभी संभाजीराजे स्वतः येथे उतरले. किनाऱ्यावरून तोफा डागल्या, आणि पाण्यात दगडधोंडे टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधावयास घेतली. भरतीओहोटीच्या पाण्यात वाट बांधणे म्हणजे काय, ते आपल्या कोळीबांधवांना विचारा! काम रेटले असते तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. कारण तेवढ्यात हसन अलीखानाची मोगल फौज घाट उतरून कल्याणच्या बाजूला शिरली, आणि राजांना माघारी वळावे लागले. फौज एक आणि आघाड्या चार, असा तो हिशेब होता. यात तापटपणा कोठे आहे आणि विलास कोठे आहे?

याच मोहिमेची आणखी एक हकीकत सांगतात. कोंडाजी फर्जंद सिद्दीला फितूर झाल्याची बतावणी करून जंजिऱ्यात शिरले, बेत फुटला आणि त्यांचा शिरच्छेद झाला. हे कोंडाजी म्हणजे 1673 साली मूठभर मावळ्यांनिशी पन्हाळा घेणारे वीर. दिग्पाल लांजेकर यांनी 2018 साली 'फर्जंद' हा चित्रपट काढला तो पन्हाळ्याच्या त्या पराक्रमावर. मग 2019 साली 'फत्तेशिकस्त' आणि 2022 साली 'पावनखिंड' असे एकामागून एक चित्रपट आले, लोकांनी ते गर्दी करून पाहिले. पन्हाळ्याचे कोंडाजी आपल्याला पाठ असतात, जंजिऱ्याचे ठाऊक नसतात. का? पन्हाळा मिळाला, जंजिरा मिळाला नाही म्हणून. पण मला सांगा, दोन्ही रात्री जिवावर उदार होणारा माणूस एकच नव्हता का?

आता तिसऱ्या अंकाविषयी शेवटची गोष्ट. पडदा 1689 साली पडला, असे आपण धरून चालतो. इतिहासात पडदा नसतो. रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले. पण राजाराम त्याआधीच गडावरून निसटले होते. त्यांनी दूर तमिळ मुलखात जिंजीहून राज्य हाकले. त्यांच्यामागे ताराबाईंनी झुंज चालू ठेवली. जो बादशहा दक्षिण जिंकावयास आला, तो 1707 साली दक्षिणेतच मेला. आणि आपल्या या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे उभे राहिले. त्यांनी कुलाबा आपले ठाणे केले, आणि इंग्रज व पोर्तुगीज यांची जहाजे त्यांच्या नावाने बिचकू लागली. 1729 साली मृत्यू येईपर्यंत समुद्रावर त्यांचा दरारा होता. हे सगळे तिसऱ्या अंकातून निघालेले आहे. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. त्यांत आपला रायगड आहे, आपला खांदेरी आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला ती दूरची जिंजीही आहे. तिसरा अंक फसला असता, तर जिंजीचे नाव त्या यादीत कशाला आले असते?

आणि जंजिरा? तो शेवटपर्यंत मराठ्यांनी जिंकला नाही. सिद्दींचे संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले. वीरकथेला हा शेवट शोभत नाही, हे खरे. पण तो खरा आहे, आणि मुलांना तो सांगताना शिक्षकाने खालच्या मानेने सांगू नये.

शिक्षक मंडळींना माझी एक साधी विनंती आहे. मुले चित्रपट पाहून वर्गात येतील, वाद घालतील. त्यांना गप्प करू नका. वाद हे जाग आल्याचे लक्षण आहे. फक्त फळ्यावर तीन प्रश्न लिहा. हे दृश्य कोणत्या साली घडले? ते कोणी लिहून ठेवले, आणि घडल्यावर किती वर्षांनी? लिहिणाऱ्याचे त्यात काही गुंतलेले होते काय? तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता पोर प्रेक्षकाचे विद्यार्थी होते. जमल्यास त्यांना एकदा राजपुरीच्या किनाऱ्यावर न्या आणि किल्ल्यापर्यंतचे पाणी नुसत्या डोळ्यांनी मोजायला सांगा.

नाटक आवडले की नाही, हे ठरवण्याचा प्रेक्षकाचा हक्क पुरता आहे. तिकिटाचे पैसे त्याने दिलेले असतात. पण ज्यांनी प्राणाचे मोल दिले, त्यांनी आपल्या अपेक्षा पुऱ्या केल्या की नाही, हा हिशेब आपण मागू नये. त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते आणि त्यांनी त्याला तोंड कसे दिले, एवढे नीट समजून घेतले, म्हणजे तिसऱ्या अंकाची तक्रार आपोआप मिटते.