माकडताप : ताप कुठल्या दिवशी आला ते लिहून ठेवा, रक्ततपासणी त्यावरच ठरते

काजूच्या हंगामात दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाची भीती असते. वैद्यकीय भाषेत याला केएफडी म्हणतात, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. नाव माकडाचं असलं तरी माणसाला तो होतो गोचीड चावल्याने, आणि ही गोचीड इतकी बारीक असते की चावलेली बऱ्याचदा कळतच नाही. त्यामुळे ‘मला गोचीड चावलीच नाही’ म्हणून तपासणी टाळू नका.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम जोराचा ताप येतो. डोकं आणि अंग ठणकतं, काहींना उलट्या-जुलाब होतात. सुरुवातीला डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळे सारखेच दिसतात. नुसतं बघून डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत, रक्त तपासावंच लागतं.

आता मुद्द्याचं. बोटातून थेंब काढून काचेवर घेतात ती मलेरियाची तपासणी. ती निगेटिव्ह आली म्हणजे माकडताप नाही, असं होत नाही. साध्या सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी दिसतात, पण तशा त्या डेंग्यूतही दिसतात.

माकडतापाच्या तपासण्या दोन. तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तातच फिरत असतो, तो आरटी-पीसीआरने सापडतो. नंतर तो कमी होत जातो आणि शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं दिसू लागतात. ती शोधते आयजीएम एलायझा. प्रतिपिंडं तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी केलेली एलायझा निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहू नये. डॉक्टर पुन्हा रक्त मागतील, तर द्या. ‘एकदा दिलं ना’ म्हणून वाद घालू नका.

म्हणूनच केसपेपर काढताना दोन गोष्टी आपणहून सांगा : ताप कुठल्या तारखेला सुरू झाला, आणि त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत काजूच्या बागेत, जंगलात, लाकडं-पातेरा आणायला गेला होतात का. आसपास माकड मेलेलं दिसलं असेल तर तेही सांगा.

रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात घेतात, पण ही तपासणी तिथे होत नाही. विषाणू धोकादायक असल्याने नमुना थंड पेटीतून खास प्रयोगशाळेत जातो. पुण्याची एनआयव्ही त्यातलीच. रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. माकडतापावर वेगळं औषध नाही, सलाईन आणि देखरेख हाच उपचार. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी मात्र मनाने घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

काहींचा ताप उतरतो आणि आठवडा-दोन आठवड्यांनी परत येतो. त्यावेळी डोकं प्रचंड दुखणं, हात थरथरणं, बोलण्यात गडबड असं दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा, आणि आधीचे रिपोर्ट सोबत न्या.