पृ. ४७ : ‘मुलगी आईकडे, बापाने रविवारी भेटावे’

असा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटली की कौटुंबिक न्यायालयाकडून तो बदलून घेता येतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते, मात्र मुलाचे हित सर्वांत वरचे. याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई. बाप हयात असूनही मुलाकडे पाहत नसेल तर आईच पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात लावला. तोवर कितीतरी आयांना साध्या कागदावरही बापाची सही लागे, हे विसरता कामा नये. रविवारची भेट कथेतला बाप आपला हक्क समजतो. मुळात ती मुलीच्या हितासाठी असते.