अपुरे राहिलेले ‘पोगो’ चलत्-चित्र आणि लिखित बोलीचा प्रश्न

दैनिकांतील चित्रमालिका पडद्यावर आणण्याचे जे प्रयत्न अमेरिकेत झाले, त्यांपैकी अपुरे राहिलेले प्रयत्न इतिहासलेखनातून बहुधा सुटतात. पूर्ण झालेल्या कृतीस प्रेक्षक लाभतात, परीक्षणे लाभतात. अपुऱ्या कृतीमागे फार तर रेखाटने उरतात. वॉल्ट केली (१९१३–१९७३) याने आपल्या ‘पोगो’ या चित्रमालिकेवरून १९७० साली आरंभिलेले चलत्-चित्र याच प्रकारचे होय. भाषेच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी, असे त्यात बरेच काही आहे.

केलीचे बालपण कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या कारखान्यांच्या गावी गेले. १९३६ ते १९४१ या काळात तो डिस्नेच्या चित्रशाळेत होता. तेव्हा चलत्-चित्राचे तंत्र त्यास नवखे नव्हते. ‘पोगो’ १९४८ साली ‘न्यूयॉर्क स्टार’ या दैनिकात आली व पुढील वर्षापासून इतर अनेक दैनिकांतून प्रसिद्ध होऊ लागली. जॉर्जिया राज्यातील ओकेफेनोकी या दलदलीतील पोगो हा ऑपॉसम, आल्बर्ट ही मगर, घुबड, कासव, साळिंदर अशी ही मंडळी. सेनेटर मॅकार्थी यांचे १९५३ साली मालिकेत काढलेले व्यंग्यचित्र सर्वांस ठाऊक आहे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

आपला विषय या प्राण्यांची बोली हा आहे. ती दक्षिणेकडील ग्रामीण इंग्रजीसारखी भासते. परंतु कोणत्याही एका जिल्ह्यात ती जशीच्या तशी ऐकू येईल असे नाही. उत्तरेत वाढलेल्या लेखकाने कागदावर घडविलेली ती मिश्रबोली आहे. तिचा बराचसा भाग उच्चारात नसून केवळ अक्षरांत आहे. ‘वॉझ’ हे क्रियापद डब्ल्यू, ए, एस या अक्षरांनी न लिहिता डब्ल्यू, यू, झेड या अक्षरांनी लिहिले, तर बोलण्यात विशेष फरक पडत नाही. पण वाचकाच्या मनावर बोलणाऱ्याचा अडाणीपणा ठसतो. जॉर्ज क्रॅप या अभ्यासकाने १९२५ साली या प्रकारास जे नाव दिले, त्याचा अनुवाद ‘नेत्रबोली’ असा करता येईल. मराठीत लेखन उच्चाराच्या बरेच जवळ असल्याने या युक्तीस फारसा वाव नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका घालून आपले विनोदी लेखक जे साधतात, तेवढाच.

केली याच्याही पुढे गेला. डीकन मशरॅट या ढोंगी धर्मोपदेशकाचे बोलणे तो जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत लिही. पी. टी. ब्रिजपोर्ट या अस्वलाचे बोलणे सर्कशीच्या जाहिरातीसारखे नटव्या ठशांत येई. सर्कशीचा प्रसिद्ध चालक बार्नम हा ब्रिजपोर्टचाच. गिधाडाचे शब्द काळ्या कडेच्या शोकपत्रात बसविलेले असत. ही अक्षरे डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येत नाहीत. मग अशा मालिकेचे बोलते चित्र करावयाचे, तर तिच्या भाषेचे काय उरणार?

त्याहूनही अवघड गोष्ट अशी की, कागदावरील बोलीला वंश नसतो, आवाजाला मात्र तो चिकटतो. आरंभीच्या पुस्तिकांत बंबाझीन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा या प्राण्यांचा सोबती होता; पुढे केलीने त्यास वगळले. तेव्हापासून ही बोली कोणत्याच मानवसमूहाची राहिली नाही, आणि तिच्या निर्विषपणाचे रहस्य, माझ्या मते, तेथेच आहे. नट तोंड उघडतो तेव्हा त्यास कोणाचा तरी हेल घ्यावाच लागतो.

१९६९ च्या मे महिन्यात चक जोन्स याच्या सहकार्याने झालेला ‘पोगो’चा विशेष कार्यक्रम एन.बी.सी.ने प्रक्षेपित केला. आल्बर्ट, घुबड व ब्रिजपोर्ट यांना खुद्द केलीने आवाज दिला होता, तर पोगोचा आवाज जून फोरे या अभिनेत्रीचा होता. तरीही केलीचे समाधान झाले नाही. १९७० साली त्याने व सेल्बी हिने सर्व काम स्वतःच्या हाती घेतले. सेल्बी चलत्-चित्राच्या व्यवसायातीलच होती. पुढे ती त्याची पत्नी झाली. विषय प्रदूषणाचा, चित्रे व रंग हाताने केलेले, आणि नाव ‘वुई हॅव मेट द एनिमी अँड ही इज अस’.

हे नाव म्हणजे कमोडोर पेरी याने १८१३ साली ईरी सरोवरावरील विजयानंतर जनरल हॅरिसनला पाठविलेल्या संदेशाचे विडंबन आहे. शत्रू भेटला व तो हाती लागला, असे पेरीने कळविले होते. केलीने त्यातील संबंधवाचक सर्वनाम काढून तेथे नुसते ‘अस’ बसविले. (हीच कल्पना १९५३ च्या एका प्रस्तावनेत अधिक लांबट रूपात आढळते.) मराठीत हे आणताना दोन अडचणी येतात. इंग्रजी ‘अस’मध्ये ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद नाही; येथे ‘आम्ही’ म्हटले तर वाचक दोषातून सुटतो, म्हणून ‘आपण’च हवे. दुसरी अडचण क्रियापदाची. ‘शत्रू आपणच आहोत’ म्हटले की क्रियापद ‘आपण’कडे झुकते आणि मूळ वाक्यात तृतीय पुरुषाला दिलेले स्थान नाहीसे होते. ‘तो म्हणजे आपणच’ असे क्रियापद गाळून म्हणणे त्यातल्या त्यात बरे.

केलीचा मधुमेह बळावला आणि काम अर्धवट राहिले. त्याच्या कथाफलकांचा उपयोग करून १९७२ साली त्याच नावाचे पुस्तक निघाले; १९७३ च्या ऑक्टोबरात केली वारला. मूळ मालिका इतरांच्या साह्याने सेल्बीने १९७५ पर्यंत चालविली.

त्या पुस्तकाच्या पूर्वार्धातील संवाद मुळात पडद्यासाठी योजिलेले होते. त्यांतील नेत्रबोलीचे प्रमाण त्याच वर्षांच्या दैनिक मालिकेशी ताडून पाहिल्यास, कानांसाठी लिहिताना केलीने आपली अक्षरे बदलली की नाही, हे शब्दशः मोजता येईल. पदव्युत्तर प्रबंधास हा विषय पुरेसा आहे. मात्र विद्यार्थ्याने रूपभेद व निव्वळ अक्षरभेद यांच्या याद्या आरंभापासूनच वेगळ्या ठेवाव्यात.