ब्रह्मदेवाचं बाळंतपण आणि दहावीचं पुस्तक

जानेवारी 2018. औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले, माकडाचा माणूस होताना कुणी पाह्यलं नाही. डार्विन चूक, अभ्यासक्रम बदला.

दोस्तहो, तोंडातून ब्राह्मण आन् पायातून शूद्र निघताना कुणी पाह्यला? जोतीबांनी 1873 सालीच 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या या बाळंतपणाची झडती घेतली. भर पुण्यात!

2023 साली एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती गाळली. 1800 वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्रक काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात आहे म्हणे! मी खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या आसपासच्या वस्तीतली आपली कितीतरी पोरं दहावीनंतर आयटीआय गाठतात. त्यांना डार्विन कधी भेटणार? पायाची गोष्ट मात्र फुकट ऐकू येते, बिनपुस्तकाची.

गाळलेलं प्रकरण जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलंय. रविवारी विहारात वाचू.