चंद्राच्या वाटेवर कोसळलेली रॉकेटं

३ जुलै १९६९ च्या रात्री कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावर १०५ मीटर उंचीचं एक रॉकेट पेटलं, मनोऱ्याच्या जरासं वर गेलं आणि परत त्याच मंचावर कोसळलं. त्याच्या पोटात दोन हजार टनांहून जास्त केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन होता. माणसं आधीच दूर हलवलेली होती, म्हणून जीव वाचले; मंच मात्र जमीनदोस्त झाला. या रॉकेटचं नाव एन-१. सोव्हिएत माणसाला चंद्रावर नेण्यासाठी ते बांधलं होतं.

तेरा दिवसांनी, १६ जुलैला, फ्लोरिडातून अपोलो ११ निघालं आणि ते साऱ्या जगाने पाहिलं. बायकोनूरच्या स्फोटाची खबर सोव्हिएत नागरिकांना नव्हती. अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी जळालेल्या मंचाचे फोटो टिपले, पण तेही गुप्तच राहिले. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत आम्ही कधी नव्हतोच, असं मॉस्को पुढची वीस वर्षं सांगत राहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेतून आलेल्या काही प्राध्यापकांना मॉस्कोच्या एका संस्थेत सोव्हिएत चांद्र-अवतरण यान प्रत्यक्ष दाखवलं गेलं, तेव्हा कुठे हा पडदा उठला.

आज कुठलंही रॉकेट फुटलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो, अपयश ही यशाची पहिली पायरी. दुसऱ्या तटाकडे आपल्याकडची एक गोष्ट हमखास असते: १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडलं, पत्रकारांपुढे अब्दुल कलामांना न ढकलता सतीश धवन स्वतः उभे राहिले, आणि १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट यशस्वी झालं. गोष्ट खरी आहे आणि मुलांना जरूर सांगावी. पण एसएलव्ही-३ वर माणूस बसणार नव्हता. माणूस बसणार असेल, तेही चंद्रापर्यंत जाण्यासाठी, तर प्रश्न बदलतात. अपयश कुठे येऊ द्यायचं? कुणासमोर? आणि माणूस चढण्याआधी किती वेळा?

एन-१ च्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं होती. सेर्गेई कोरोल्योव्ह यांना याहून मोठी, संख्येने कमी इंजिनं हवी असती. पण इंजिनं बनवण्यात देशात सर्वांत वाकबगार असलेले वालेंतिन ग्लुश्को आणि ते, दोघांचं इंधनावरून बिनसलं होतं. काम गेलं निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे. त्यांचा कारखाना मुळात विमानांची इंजिनं बनवणारा. त्यांनी केलेलं इंजिन हुशारीचं होतं, पण त्यातल्या काही झडपा एकदाच वापरता येत. म्हणजे चाचणीत चालवलेलं इंजिन पुन्हा रॉकेटला लावता येत नसे. मग दर तुकडीतली काही इंजिनं चालवून पाहायची आणि बाकीची न चालवताच बसवायची, असा मार्ग निघाला. शेतकरी मूठभर बी उगवून पाहतो आणि पोतं पेरतो, तसं. फरक इतकाच की शेतात चार बिया रुजल्या नाहीत तर पीक जात नाही.

याहून मोठा निर्णय पहिल्या टप्प्याबद्दलचा होता. सगळी तीस इंजिनं टप्प्याला लावून, तो टप्पा जमिनीला जखडून पूर्ण वेळ पेटवून पाहायचा तर प्रचंड चाचणीमंच लागतो. कोरोल्योव्ह यांचे चाचणीप्रमुख लिओनिद वोस्क्रेसेन्स्की त्यासाठी अडून बसले. पैसा नव्हता, वेळ नव्हता. कोरोल्योव्हनी नकार दिला आणि वोस्क्रेसेन्स्की पदावरून दूर झाले. १९६५ च्या डिसेंबरात ते वारले. महिनाभरात, १४ जानेवारी १९६६ ला, कोरोल्योव्ह शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले. एन-१ वासिली मिशिन यांच्या गळ्यात पडलं. त्याची पहिली खरी चाचणी आकाशातच व्हायची होती.

अमेरिकेत काय चाललं होतं? सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यात पाचच इंजिनं होती, पण एकेक अवाढव्य. एफ-१ नावाच्या त्या इंजिनाच्या ज्वलनकक्षात आग मध्येच थरथरू लागे आणि क्षणात इंजिनाच्या चिंधड्या होत. १९६२ मध्ये एक पूर्ण इंजिन चाचणीत असं गेलं. का, ते गणिताने नीट सुटत नव्हतं. मग अभियंत्यांनी एक वेडेपणा वाटावा असं काम केलं: चालू इंजिनाच्या ज्वलनकक्षात लहानसा बॉम्ब फोडायचा, मुद्दाम थरथर निर्माण करायची, आणि ती आपोआप किती वेळात शमते ते मोजायचं. इंधन फवारणाऱ्या तबकडीचे आकार बदलत दोन हजारांच्या आसपास चाचण्या झाल्या. शेवटी ती थरथर सेकंदाच्या दहाव्या भागात शमू लागली. नंतर प्रत्येक पहिला टप्पा पाचही इंजिनांसह जमिनीवर बांधून पेटवला जाई. त्यासाठी मिसिसिपीत चाचणीकेंद्र उभारताना कैक गावं उठवली गेली. त्या शेकडो कुटुंबांचं नाव अपोलोच्या गौरवगाथेत क्वचितच येतं.

इथवर वाचून अमेरिकी सबुरीचे आणि रशियन घाईचे, असा निकाल लावावासा वाटेल. तसं नाही. वेर्नर फॉन ब्राउन यांच्या मंडळींना एकेक टप्पा वेगळा उडवून पाहायचा होता. नासाचे जॉर्ज म्युलर यांनी १९६३ मध्ये ती शिडीच काढून घेतली: पहिल्याच उड्डाणात सगळे टप्पे एकदम. ९ नोव्हेंबर १९६७ ला अपोलो ४ ने हा जुगार जिंकून दिला. ४ एप्रिल १९६८ ला, दुसऱ्या मानवरहित उड्डाणात, मात्र सगळंच बिनसलं. पहिला टप्पा उभ्या दिशेने हिसके देऊ लागला, दुसऱ्या टप्प्यातली दोन इंजिनं बंद पडली, तिसरा टप्पा अवकाशात पुन्हा पेटलाच नाही. त्याच संध्याकाळी मेंफिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि वर्तमानपत्रांना रॉकेटकडे बघायला फुरसत उरली नाही.

अपोलो ६ चा तपास मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. दुसऱ्या टप्प्यातलं एक इंजिन बिघडलं होतं. दुसरं धडधाकट होतं, तारा उलटसुलट जोडल्यामुळे त्याला बंद होण्याचा हुकूम गेला. बिघडलेल्या इंजिनात प्रज्वलकाकडे जाणारी बारीक इंधननळी तुटली होती. हीच नळी जमिनीवरच्या चाचण्यांत कधी तुटली नव्हती. कारण सापडलं ते असं: नळीतून अतिथंड हायड्रोजन वाहतो, जमिनीवर भोवतीची हवा तिच्यावर गोठून थर धरते आणि तो थर नळीचं कंपन दाबून टाकतो. निर्वातात हवाच नाही, थर नाही, नळी थरथरून तुटते. निर्वात कक्षात तीच नळी चालवून पाहिली, आणि ती तुटली. मग नळीची रचना बदलली. पहिल्या टप्प्याचे हिसके थांबवायला ऑक्सिजनच्या वाहिन्यांत हेलियमची गादी दिली. त्यानंतरच्याच उड्डाणात, २१ डिसेंबर १९६८ ला, बोरमन, लोव्हेल आणि अँडर्स सॅटर्नवर बसून थेट चंद्राकडे गेले.

हे धाडस होतं की बेफिकिरी, यावर आजही वाद होतो. माझं मत धाडसाकडे झुकतं, कारण काय तुटलं, का तुटलं आणि दुरुस्तीनंतर तुटत नाही, ही तिन्ही उत्तरं हाती होती.

उर्दूत प्रयोगाला ‘तजुर्बा’ म्हणतात आणि अनुभवालाही ‘तजुर्बा’च. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि या विषयापुरती मला मराठीची वाटणी जास्त बरी वाटते. एन-१ चे प्रयोग झाले. त्यांचा अनुभव होईपर्यंत पुढचं रॉकेट मंचावर आलेलं असे. २१ फेब्रुवारी १९६९ च्या पहिल्या उड्डाणात शेपटीकडे आग लागून सत्तर सेकंदांच्या आत इंजिनं बंद झाली. जुलैतल्या स्फोटाची सुरुवात एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटण्याने झाली. पंपात बाहेरची वस्तू गेली की पंपच सदोष होता, यावर कुझ्नेत्सोव्ह आणि इतरांचं कधी एकमत झालं नाही. १९७१ च्या जूनमध्ये रॉकेट स्वतःभोवती गरगरलं. तीस ज्वाळांच्या एकत्र प्रवाहाने हा पीळ पडला होता. जमिनीला जखडलेल्या टप्प्यात तो कितपत दिसला असता, हे सांगणं अवघड आहे. वोस्क्रेसेन्स्कींच्या बाजूने बोलताना एवढं मान्य करायला हवं. २३ नोव्हेंबर १९७२ ला चौथं रॉकेट १०७ सेकंद टिकलं, पहिला टप्पा सुटायला थोडेच सेकंद उरले असताना गेलं.

रॉकेट पडतं तेव्हा लोखंड जातं. चांद्रमोहिमांतली पहिली माणसं मात्र चंद्राच्या जवळपासही मेली नाहीत. २७ जानेवारी १९६७ ला ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे फ्लोरिडात मंचावरच, एका सरावचाचणीत जळून गेले. रॉकेटमध्ये इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून ती चाचणी धोक्याची गणलीच गेली नव्हती. यानात दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. सहा वर्षं आधी, २३ मार्च १९६१ ला, मॉस्कोत वालेंतिन बोंदारेंको हा तरुण अंतराळवीर ऑक्सिजन भरलेल्या कक्षात असाच भाजून मेला होता. ते जगाला कळलं १९८६ मध्ये. ही बातमी वेळेवर मिळती तर ग्रिसम वाचले असते, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या स्वतःच्या चाचणीकक्षांत ऑक्सिजनच्या आगी लागून गेल्या होत्या, आणि त्यांचे अहवाल घरातच पडलेले होते.

त्याच वर्षी २४ एप्रिलला सोयूझ-१ चं पॅराशूट उघडलं नाही आणि व्लादिमिर कोमारोव्ह जमिनीवर आदळून ठार झाले. त्याआधी सोयूझच्या तीन मानवरहित चाचण्या झाल्या होत्या. पहिलं यान स्वस्फोटाने नष्ट करावं लागलं, दुसऱ्या वेळी रॉकेट मंचावरच जळालं, तिसरं यान उष्णतारोधक कवचाला भोक पडून अरल समुद्राच्या बर्फात बुडालं. तिन्ही बिघडल्या, तरी चौथ्या वेळी माणूस बसवला.

उड्डाणाला परवानगी देणाऱ्या राज्य आयोगाचे अध्यक्ष होते केरिम केरिमोव्ह, बाकूचे अझरबैजानी. त्यांचं नावसुद्धा १९८७ पर्यंत गुप्त होतं. आपल्याकडे ‘अवकाशातले मुस्लिम शास्त्रज्ञ’ अशा याद्या फिरतात, त्यांत केरिमोव्ह अभिमानाने असतात, सोबत अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्राचा भूगोल शिकवणारे इजिप्तचे फारूक अल-बाज. असू देत. पण केरिमोव्हना यादीत घ्यायचं तर सोयूझ-१ सकट घ्यावं लागेल. वरून रेटा होता, एकट्या अध्यक्षाच्या हातात सगळं नव्हतं, हेही खरं. हा सारा हिशोब ज्यांच्यामुळे आपल्याला वाचता येतो ते आसिफ सिद्दीकी मात्र या याद्यांत मला कधी दिसले नाहीत. मूळचे बांगलादेशचे, न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. सोव्हिएत चांद्रमोहिमेवरचा त्यांचा सुमारे हजार पानांचा ग्रंथ नासानेच २००० मध्ये छापला. यादीच करायची तर आधी त्यांना घ्या.

या जुन्या इतिहासाकडे पुन्हा बघायचं कारण आहे स्टारशिप. नासाने २०२१ मध्ये चंद्रावर माणसं उतरवण्यासाठी ते निवडलं. पहिल्या टप्प्यात तेहतीस इंजिनं. २० एप्रिल २०२३ ला पहिल्या उड्डाणात मंचाखालचं काँक्रीट उखडलं आणि चार मिनिटांत रॉकेट नष्ट झालं. २०२५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये वरचा टप्पा तुटून अवशेष कॅरिबियनवर पडले, विमानं वळवावी लागली. लगेच एन-१ ची आठवण काढली गेली. तुलना अर्धीच बसते. इथे पहिला टप्पा उड्डाणाआधी मंचाला जखडून पेटवतात, आणि फुटतं ते थेट प्रक्षेपणात सगळ्यांसमोर.

माझी शंका वेगळी आहे. रॉकेट उडणं हा चांद्रमोहिमेचा सोपा भाग. अपोलोचं अवतरण यान जानेवारी १९६८ मध्ये मानवरहित उडालं, मार्च १९६९ मध्ये पृथ्वीभोवती माणसांनी चालवलं, मे महिन्यात चंद्रापासून सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत उतरवून परत आणलं, आणि मग जुलैत उतरलं. एवढं करूनही चंद्रावरून वर उठवणारं इंजिन एकच होतं, त्याला पर्याय नव्हता. ते पेटलं नाही तर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काय बोलायचं, ते भाषण विल्यम सफायर यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. स्टारशिपला चंद्राकडे जाण्याआधी पृथ्वीभोवती दुसऱ्या यानांकडून अनेकदा इंधन भरून घ्यावं लागणार आहे. त्या पायऱ्या कोण मोजणार, आणि एखादी गाळायची वेळ आली तर ‘नाही’ म्हणणारा वोस्क्रेसेन्स्की तिथे नोकरीत टिकेल का?

एन-१ चं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १९७४ मध्ये सुधारलेल्या, चाचणीनंतर पुन्हा वापरता येणाऱ्या इंजिनांसह दोन रॉकेटं जवळपास तयार होती. मे महिन्यात मिशिन यांना काढून त्यांच्या जागी त्याच ग्लुश्कोंना आणलं गेलं, आणि त्यांनी काम थांबवलं. पाचवं उड्डाण यशस्वी झालं असतं, असं मिशिन यांची माणसं शेवटपर्यंत म्हणत राहिली. इंजिनं नष्ट करण्याचा हुकूम आला. कुझ्नेत्सोव्हनी ती गोदामात दडवली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांतली काही अमेरिकनांनी विकत घेतली, डागडुजी करून अँटारेस नावाच्या रॉकेटला बसवली. २८ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनियात ते रॉकेट मंचावरून उठलं आणि काही सेकंदांत परत तिथेच कोसळलं. एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला होता. नासाच्या चौकशी समितीने तीन शक्यता मांडल्या: रचनेतला कमकुवतपणा, पंपात गेलेली बाहेरची वस्तू, किंवा घडणीतला दोष. १९६९ मध्ये बायकोनूरला बंद दाराआड जवळपास हेच भांडण चाललं होतं. या वेळच्या अहवालाचा सारांश छापला गेला आहे, कुणालाही वाचता येतो.